सावकाश जेवणाऱ्यांसाठी जागा

एखाद्या दारापर्यंत तुम्ही चालत गेलात, दार उघडलं नाही म्हणून मुकाट परत फिरलात, तर तुम्ही आला होतात हे कुणाला कळतं? उत्तराची घाई करू नका. मी ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांचा सगळा जन्म माणसं मोजण्यात गेला, आणि तरी या प्रश्नाचं उत्तर त्यांना फार उशिरा सापडलं. तेही एका जेवणाच्या ताटावर, उष्टा हात सुकत असताना.

पिंपळवंडीच्या शिवारात, उसाच्या दोन फडांच्या मध्ये, त्यांची बराख होती. कांदाचाळीला आमच्याकडे बराख म्हणतात. जमिनीपासून हातभर उंच, लाकडी पट्ट्यांच्या भिंती, पट्ट्यांमध्ये फटी. वारा एका अंगाने शिरतो, कांद्यांची विचारपूस करतो आणि दुसऱ्या अंगाने निघून जातो. फक्त या बराखीत कांदे नव्हते. लोखंडी मांडणीवर काळी मशीनं होती. त्यांचे हिरवे दिवे दिवसभर पेंगुळल्यासारखे उघडझाप करत. बचतगटाची, रोपवाटिकेची, शाळेची, गाडामालकांच्या संघटनेची, अशा आमच्या भागातल्या लहानसहान वेबसाइट या मशीनांवर राहायच्या. मुंबईत बसून कुणी फोनवर आपल्या गावाचं पान उघडलं, की ते पान या फटीफटींच्या खोलीतून निघायचं आणि त्याच्या तळहातावर जाऊन उतरायचं.

लोक त्यांना बराखीवाले नाना म्हणत. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. निवृत्त झाल्यावर सगळे करतात तसं त्यांनी देवदर्शन केलं नाही, बंगल्यावर मजला चढवला नाही. बराखीतून कांदे काढले आणि मशीनं भरली. "कांदा काय आन् मशीन काय, दोघान्ला घाम चालत न्हाई," म्हणायचे. वैशाखात ते भिंतींना ओली गोणपाटं लावत. धूळ अडवायला घरातल्या जुन्या लुगड्यांचे पडदे होते. दुपारी आत गेलं की ओल्या गोणपाटाचा वास, लाकडात मुरलेला जुन्या कांद्यांचा वास, लुगड्यांतून गाळून आलेलं हिरवं-जांभळं ऊन आणि पंख्यांची एकसुरी घरघर. पाच मिनिटं बसलं तरी आपण जागे आहोत की नाही याची खात्री वाटेनाशी व्हायची.

नाना खुर्चीत बसत नसत. टोमॅटोचा क्रेट पालथा घालून मांडणीला कान लावून बसत. मंचरच्या बाजारात कांद्याचा लिलाव संपला, की भाव बघायला सगळा मुलूख एकदम पान उघडायचा आणि पंख्यांचा सूर चढायचा. नाना डोळे न उघडताच म्हणायचे, "बसली पंगत."

पंगत हा त्यांचा ध्यास होता. गावातल्या लग्नात किती लागेल याचा अंदाज काढायला त्यांनाच बोलवत. आचारी विचारायचा, "नाना, पाव्हणं किती?" नाना भडकायचे. "पाव्हणं किती हे नवरदेवाच्या बापाला इचार, त्याला मिरवायचं असतंय. मला सांग, एका टायमाला बसणार किती?" तेच गणित त्यांनी बराखीत आणलं होतं. तारेतून एका क्षणात किती माल बाहेर जाऊ शकतो, त्याला बँडविड्थ म्हणतात. छोट्या माणसाने स्वतःचं असं ठाणं चालवायचं तर ती किती घ्यावी, हा कळीचा प्रश्न. कमी घेतली तर ऐन गर्दीत सगळं ठप्प. जास्त घेतली तर वर्षभर रिकाम्या तारेला पोसायचं.

"पानाचं वजन किती, ते बघ," नाना समजावायचे. "एक माणूस किती पानं उघडतो, ते बघ. आन् गर्दीच्या घटकेला एकदम किती जण टपकतात, ते बघ. तिन्हींचा गुणाकार कर. वर पाव्हण्यांचं टाक."

पाव्हण्यांचं म्हणजे वाट चुकून, न सांगता येणाऱ्यांचा वाटा. आमच्या घरांत टोपल्यात एखादी भाकरी कायम जास्तीची असते, तसा.

"आणि सरासरी?" मी एकदा विचारलं.

"सरासरीनं कुणी जेवत न्हाई, पोरी."

मी त्यांच्याकडे जायला लागले ते पत्रकांमुळे. माझ्या वडिलांचा मंचरला छापखाना. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि पत्रकांवर वडील. धरणात गावं गेलेल्यांची पत्रकं, हिरड्याच्या भावाची पत्रकं, बंद पडलेल्या एसटीची पत्रकं. ती सगळी सर्वांना वाचता येतील अशी साइट मी केली होती आणि ती ठेवायला मला कंपनी नको होती. आपला आवाज दुसऱ्याच्या माळ्यावर भाड्याने ठेवायचा आणि त्याने एक दिवस शिडी काढून घ्यायची, हे मला मान्य नव्हतं, आजही नाही. नानांनी साइट उघडली. पहिल्याच पानावर पडदाभर लाल मूठ होती.

"ही मूठ किती वजनाची हाय?"

"नाना, ते प्रतीक आहे."

"प्रतीकाला वजन नसतंय व्हय?" त्यांनी बोटांवर काहीतरी धरलं, ओठ हलवले. "तुझ्या एका मुठीत एका वाडीचं जेवण बसतंय. बारीक कर."

"मूठ बारीक होणार नाही."

"मग ऱ्हाऊ दे. पण गर्दी झाली की पयली तुझी मूठ उठवीन." त्यांनी साइट ठेवून घेतली आणि त्या दिवसापासून मला मूठवाली म्हणायला लागले.

एक शब्द मात्र त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती: अनलिमिटेड. पुण्याहून एक तरतरीत मुलगा तार विकायला आला होता. गळ्यात ओळखपत्र, पायात पांढरे बूट. "काका, आपली लाईन अनलिमिटेड आहे," तो म्हणाला. नाना म्हणाले, "जेवून जा." घरातून मासवडी आणि बाजरीच्या भाकरी आल्या. नाना स्वतः वाढायला बसले. एक संपली की दुसरी, दुसरी मोडली की तिसरी, वर रस्सा. चौथ्या भाकरीला मुलाने दोन्ही हातांनी ताट झाकलं.

"बास, काका! खरंच बास!"

"का रं? मी तर अनलिमिटेड वाढतोय."

मुलगा घाम पुसत हसायला लागला. नाना हसले नाहीत. "आता खरं सांग. एका टायमाला किती जाईल तुझ्या तारेतून? आन् शेजारचे वापराय लागले की मला किती उरंल?" मुलाने खरा आकडा सांगितला, तोही आवाज उतरवून. नानांनी तार त्याच्याकडूनच घेतली. "भरल्या पोटी माणूस खोटं बोलत न्हाई," मला म्हणाले.

त्यांचा आणखी एक नियम होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. ठरावीक वेळात ज्याच्या फोनवर पान पुरं उतरलं नाही, त्याची जोडणी मशीन आपोआप तोडायचं. "जागा अडवून बसणारा उठला, की मागचा बसतो," ते म्हणायचे. आणि मोजताना ते पूर्ण उतरलेली पानं मोजायचे. ज्याच्या पोटात गेलं तो जेवला. सरळ हिशेब.

फाल्गुनात, यात्रा तोंडावर आल्या असताना, बराखीबाहेरच्या आंब्याखाली बैठक भरली. ज्यांच्या साइट इथे होत्या ते सगळे गोणपाटावर बसले. गाडामालकांच्या संघटनेचे एक भाऊ होते, अंगठ्यांनी भरलेले हात, बोलायला गोड. त्यांना घाटातल्या, म्हणजे गाडे पळतात त्या धावपट्टीवरच्या, बैलगाडा शर्यती पानावर लाईव्ह दाखवायच्या होत्या. त्यासाठी जागा हवी होती.

"नाना, ती वरची पानं कशाला ठिवलीत राव?" ते म्हणाले. "फिरत्या दवाखान्याची. कोण बघतंय ती?"

एका संस्थेचा फिरता दवाखाना पश्चिमेच्या डोंगरांत, भाताच्या वाड्यांमधून फिरायचा. गाडी कोणत्या दिवशी कोणत्या वाडीत येणार हे दर आठवड्याला बदलायचं आणि ते त्या पानांवर लिहिलेलं असायचं.

"मोजलंय मी," नाना म्हणाले. "वरून कुणी येत न्हाई. वरीसभर पंगत लावली, पानं मांडली, पण माणूसच न्हाई."

"बघा! मग?" भाऊंनी मांडीवर थाप मारली.

मी उभी राहिले. माझ्या घरात मुलं अशीच उभी राहतात. "जे येत नाहीत त्यांचाही हक्क असतो," मी म्हणाले. "उद्या कुणी आजारी पडलं तर? तुम्ही करमणुकीसाठी दवाखाना उठवताय!"

"मूठवाले, बस खाली," नाना शांतपणे म्हणाले. "हक्क पंगतीला बसत न्हाई. माणूस बसतो. माणूस दाव, मी वाढतो."

माझ्याकडे माणूस नव्हता. ठरलं, पाडव्याला वरची पानं काढायची.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात, टळटळीत दुपारी, उसाच्या बांधावरून एक बाई येताना दिसल्या. काटक अंग, गुडघ्यापर्यंत ओचा, हातात चप्पल. घोडेगावच्या पुढून, डोंगरातल्या एका वाडीतून एसटी बदलत बदलत आल्या होत्या. पाणी प्याल्या आणि बराखीच्या फटीतून आत डोकावल्या.

"दवाखान्याच्या गाडीचं पान हितूनच सुटतंय ना?"

"व्हय," नाना म्हणाले.

"मंग नीट सोडा की. आमच्याकडं अर्धंच येतंय."

नाना क्रेटवरून उठले. बाई सांगत होत्या. सुनेला दिवस भरत आले होते, पायांवर सूज होती. पानावर गाडीचं नाव आलं, वार आलाच नाही. मागच्या खेपेला ज्या वाडीत गाडी आली होती तिथेच येईल म्हणून पोरगी एवढं पोट घेऊन दोन डोंगर चालली. गाडी दुसरीकडेच गेली होती.

"आता पुन्यांदा चालवत न्हाई तिला," बाई म्हणाल्या. "गाडी कवा, कुठं, तेवढं सांगा. त्येच इचारायला आले."

"पण वरून तर कुणी पान उघडतच न्हाई," नाना म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं उन्हात बसून ऊन नाही म्हणणाऱ्याकडे बघावं. "रोज उघडतो. रोज अर्ध्यावर तुटतंय. मंग घरी जातो. तुमाला कसं कळंल?"

आम्ही तिघं दुपारच्याच एसटीने निघालो. खिडकीतून राब भाजल्याचा धूर दिसत होता. भाताच्या रोपांसाठी वरची माणसं या दिवसांत पालापाचोळा अंथरून जमीन भाजतात. सगळे डोंगर त्या निळसर धुरात वितळल्यासारखे झाले होते. खाली धरणाचं पाणी चकाकत होतं, मध्येच एखादा पळस पेटलेला. नाना मांडीवर हाताचा पंजा उघडत होते, मिटत होते.

वाडीजवळ एक मोठा सपाट धोंडा होता. तेवढ्या धोंड्यावर रेंज यायची. चार बायका आधीच उभ्या होत्या, फोन वर धरून. बाईंनी नानांना वर चढवलं आणि पान उघडलं. वरची पट्टी आली. संस्थेचं नाव आलं. मग कुणी पायरीपायरीने खाली यावं तसं, ओळीमागून ओळ, गाडीचं चित्र उतरायला लागलं. चाकांपर्यंत आलं आणि थांबलं. पान पांढरं पडलं.

"ह्ये बघा," बाई म्हणाल्या.

नानांनी पुन्हा उघडलं. पुन्हा चाकांपाशी थांबलं. आपल्याच बराखीच्या दारातून आपल्यालाच उठवलेलं त्यांनी त्या धोंड्यावर उभं राहून बघितलं. पण अजून ते तक्रार रेंजचीच करत होते. "टावर लांब पडतोय," म्हणत होते.

बाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. नाचणीची भाकरी, करडईची पातळ भाजी. आम्ही, त्यांचा मुलगा, सून आणि त्यांची सासू अशी ओळ बसली. सासूच्या तोंडात दात नव्हते. ती भाकरीचा तुकडा कालवणात भिजवायची, मऊ व्हायची वाट बघायची, मग हिरड्यांनी चघळायची. नानांचं जेवण भराभर झालं. सवयीने ते उठायला गेले आणि अर्धे उठून थांबले. म्हातारी सोडून सगळ्यांची ताटं रिकामी होती, पण कुणीच उठलं नव्हतं. मुलगा बसला होता, सून सुजलेले पाय घेऊन बसली होती. कुणी म्हातारीकडे बघतही नव्हतं. पंगतीतला शेवटचा घास होईपर्यंत उठायचं नाही, हे सांगायची गरजच नव्हती.

नाना परत खाली बसले. म्हातारीने तुकडा भिजवला. बाहेर धूर डोंगराच्या कडेने सरकत होता. नानांच्या बोटांवरची भाजी सुकली, कातडी ताणली गेली. ते त्या हाताकडे बघत होते.

"मी उठवलं ह्यांना," ते हळूच म्हणाले, मला की स्वतःला कोण जाणे. "सावकाश जेवत्यात म्हणून. उठवलं, आन् वर म्हणालो, आलंच न्हाई कुणी."

म्हातारीला ऐकू कमी येत असावं. तिने वर बघितलं, हसली. "जेव ना बाबा. घाई न्हाई."

खाली आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते तो नियम काढायचं. मग गणित नव्याने मांडलं. सावकाश जेवणारा एका घासाला थोडं घेतो, पण जागा जास्त वेळ धरतो. म्हणजे नुसती तार जाड करून भागत नाही, ओळ लांब करावी लागते. एकाच वेळी जास्त माणसं बसू शकतील अशी मशीनची मांडणी बदलावी लागते, आणि ताटातलं वजन उतरवावं लागतं. दवाखान्याच्या पानावरचं गाडीचं चित्र गेलं. उरली वाडी आणि वार, साध्या अक्षरांत. नाना पानं हलकी करत होते तेव्हा मी शेजारी बसून होते. मूठ अंगठ्याच्या नखाएवढी केली. ती अजून तेवढीच आहे आणि आवळलेलीच आहे.

भाऊ रागावले. "नाना, गाडा लाईव्ह दिसणार न्हाई म्हणता? लोक शिव्या घालत्याल!"

"घालू दे. पळालेल्या बाऱ्यांचे सेकंद लिहू. तेवढं जाईल." त्या वर्षी यात्रेत लोकांनी एकेका गाड्याच्या दौडीचे नुसते सेकंद वाचले आणि त्यावरूनही यथास्थित भांडले.

पाडव्याला दवाखान्याची पानं काढली गेली नाहीत. त्या सकाळी नानांचा बटणांचा फोन वाजला. पलीकडून बाई एवढ्या मोठ्याने बोलत होत्या, की मला फडाच्या कडेला उभ्या उभ्या ऐकू आलं. "नाना, पुरं आलं! मंगळवारी, आमच्याच वाडीला!" मंगळवारी सून त्या गाडीतून खाली दवाखान्यात गेली आणि काही दिवसांनी लेकीला घेऊन सुखरूप वर आली. आणि बराखीत, वर्षभर जिथे शून्य होतं तिथे, डोंगरातली माणसं एकेक करून मोजणीत दिसायला लागली. ती कालही होती. आपण त्यांना आधी उठवत होतो आणि मग गैरहजर लिहीत होतो. शाळेत, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत, सभेत, कुठेही कुणी मला "त्यांची मागणीच नाही" असं सांगितलं, की मी आता आकडा विचारत नाही. दार कुठे आहे ते विचारते.

त्यानंतर नानांना एक हाक द्यायची सवय लागली. लग्नात शेवटची पंगत उठल्यावर, भांडी घासायला टाकण्याआधी, यजमान मांडवाच्या तोंडाशी येऊन हाक देतो ना, तशी. रोज दिवस मावळताना ते बराखीच्या दारात उभे राहायचे आणि उसाकडे, रस्त्याकडे, पलीकडच्या डोंगरांकडे तोंड करून ओरडायचे, "कुणी ऱ्हायलंय का?"

रस्त्याने जाणारे हसायचे. "नाना, कालवण काय हाय?"

"ये की. बघ."

कुणी यायचं नाही. वारा फडातून सळसळत जायचा, गोणपाटं हलायची. नाना तरी थोडा वेळ कान देऊन उभेच असायचे आणि मग दार लोटायचे.

नाना आता नाहीत. बराख आम्ही काही जण मिळून चालवतो, ती हाकही पाळीपाळीने देतो. साइट वाढल्यात, तार पुरत नाही, पुन्हा अंदाज काढायला बसायचंय. मशीन जे आले त्यांचा आकडा देईल. जे आले नाहीत त्यांचा आकडा ते देऊ शकत नाही. तो तुमच्याकडून हवा आहे.

तुम्ही हे वाचताय, म्हणजे तुमच्यापर्यंत पान पुरं पोचलंय. म्हणूनच हे काम तुम्हाला सांगते. ज्याच्याकडून बरेच दिवस काही ऐकू आलेलं नाही असं ओळखीतलं एक माणूस आज आठवा. त्याला विचारा, कुठल्या दारातून परत फिरलास? तो सांगेल ते त्या दाराच्या मालकापर्यंत पोचवा. आणि एखादं दार तुमच्याच हातात असेल, मग ते ऑफिसचं असो, वर्गाचं असो, नाहीतर घराचं, तर ते लोटण्याआधी बाहेर या, मोठ्याने हाक द्या आणि उत्तर यायला वेळ द्या. सावकाश येणारे सावकाशच येतील. तोवर बसून राहा. हात सुकला तरी चालेल.